झाकली मूठ

चैत्र लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांस आरंभ होतो, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हावयाची आणि दिवस मावळता मावळता मानाच्या कुस्तीने शेवट व्हावयाचा, हा क्रम येथे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. अशा या कुस्तीवेड्या जिल्ह्यास २०२५ साली एक अपूर्व योग लाभला. जानेवारीच्या अखेरीस शहरातील वाडिया पार्कच्या मैदानावर ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा भरली, आणि २ फेब्रुवारीस पृथ्वीराज मोहोळ यांच्या खांद्यावर गदा चढली. पुढे मार्चच्या अखेरीस याच जिल्ह्यातील कर्जत येथे दुसऱ्या संस्थेची ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा भरली, आणि तेथील गदा वेताळ शेळके यांनी जिंकली. दोन संस्था, दोन गदा, दोन केसरी! एका रानात दोन सिंह नांदत नाहीत असे म्हणतात. आमच्या जिल्ह्याने दोन महिन्यांत दोन पाहिले. त्यांतील खरा कोणता, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे सोडविला.

वाडिया पार्कवरील सोहळ्याचा शेवट गोड झाला नाही, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. पंचांनी शिवराज राक्षे यांना चितपट ठरविले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे पडले. शब्दाने शब्द वाढला, पंचाची गचांडी धरली गेली, लाथही मारली गेली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड हेही निर्णय न पटून मैदान सोडून गेले. राज्य कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर केली. मग काय विचारता! चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपर्यंत एकच चर्चा: खांदे टेकले होते की नव्हते? ज्यांनी जन्मात लाल मातीला पाय लावला नाही, तेही हातातल्या फोनवर ते चित्र थांबवून थांबवून न्यायनिवाडा करू लागले.

त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. पंच चुकले की मल्ल चुकले, हे सांगण्यास आमच्याहून जाणते लोक आहेत. आम्हांस नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. खांदा मातीला टेकला की नाही, ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट; तिच्यासाठी अवघा महाराष्ट्र घसा कोरडा करतो. पण हौद्यात उतरणाऱ्या मल्लाच्या रक्तात काय आहे, ही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट. तिच्याविषयी तालमीत, घरात, सभेत कोणी चकार शब्द काढीत नाही. पंचाने एक गुण चुकीचा दिला तर अन्याय झाला म्हणून आपण ओरडतो. परंतु औषधाच्या सुईने सहा महिन्यांत कमावलेल्या दंडापुढे सहा वर्षांच्या जोर-बैठकांनी कमावलेला दंड हरतो, तेव्हा झालेला अन्याय कोणाच्या खिजगणतीतही नसतो. वर ज्या मल्लांची नावे आली, त्यांच्यापैकी कोणावरही असला संशय घेण्यास आमच्यापाशी तिळमात्र आधार नाही आणि आम्ही तो घेतही नाही, हे येथेच स्पष्ट करून ठेवतो. आमचा वाद व्यक्तींशी नाही. तो मौनाशी आहे.

हे मौन आताचे नाही. दहा वर्षांमागे ते एकदा मोडण्याचा प्रसंग आला होता. नरसिंग यादव हे २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेले मल्ल. २०१५ साली लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी ७४ किलो वजनी गटात कांस्यपदक मिळविले आणि त्यायोगे रिओच्या ऑलिंपिकमधील त्या गटाची जागा भारताला मिळाली. दोन ऑलिंपिक पदकांचे मानकरी सुशील कुमार यांनी त्या जागेसाठी चाचणी कुस्ती मागितली. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ च्या जूनमध्ये सुशील कुमार यांची मागणी फेटाळली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत यादव यांच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे स्नायू फुगविणारे कृत्रिम संप्रेरक सापडले. प्रतिपक्षाच्या माणसांनी आपल्या खाण्यापिण्यात ते कालविले, असे यादव यांनी सांगितले. देशातील समितीने ते ग्राह्य मानून १ ऑगस्टला त्यांना निर्दोष ठरविले. परंतु जागतिक संस्थेने आव्हान दिले, आणि १८ ऑगस्टला, म्हणजे त्यांच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताला पुरावा नाही; गोळीच्या रूपाने, एकाहून अधिक वेळा, जाणूनबुजून ते द्रव्य घेतले गेले असण्याचाच संभव अधिक, असा लवादाचा निष्कर्ष होता.

त्या दिवसांत महाराष्ट्राने काय केले? दोन तट पाडले. एक तट म्हणे, आपला मल्ल भोळा, त्याचा घात झाला. दुसरा म्हणे, हाच मुळात खोटा. मेथँडिएनोनची गोळी तालमींच्या जगात येते कोठून, ती कोण विकतो, कोणत्या वयाच्या पोरांना देतो, हे विचारणारा तिसरा तट काही निघाला नाही. स्पर्धेच्या वैराचा हा एक विलक्षण गुण आहे: ते माणसाला दुसऱ्याच्या हातातील सुई दाखविते, आपल्या हातातील झाकते. यादव यांनी बंदी भोगली, २०२० साली ते पुन्हा मॅटवर उतरले, आणि आपण सारे ते प्रकरण विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणून ती मूठ पुन्हा झाकून ठेवली, हेच खरे.

झाकल्या मुठीने खेळाचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर सायकलींच्या शर्यतींचा इतिहास पाहावा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांचे कौतुक आपल्या लोकांना जुने आहे. युरोपात तर या खेळाने कुस्तीसारखेच लोकांना वेड लावले. १९०३ साली सुरू झालेली फ्रान्सची प्रदक्षिणा ही त्या खेळातील महाराष्ट्र केसरीच म्हणावी. १९२४ साली पेलिसिए बंधूंनी ती शर्यत अर्ध्यावर सोडली आणि एका कॉफीगृहात बसून आल्बेर लोंद्र या बातमीदारासमोर आपल्या पिशव्या उघड्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वर गोळ्यांच्या डब्या! वाचकांनी ते चवीने वाचले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजविण्यास उभे राहिले.

पुढे १९६६ साली त्या शर्यतीत प्रथमच तपासणी आली. बोर्दो येथे प्रथम तपासला गेला तो पुलिदोर. पुलिदोर आणि आंकेतील यांचे वैर तेव्हा फ्रान्सभर गाजत होते. घराघरांत त्यांचे दोन पक्ष पडलेले. पण दुसऱ्या दिवशी सारे स्पर्धक सायकलींवरून उतरले आणि तपासणीचा धिक्कार करीत पायी चालू लागले. जे एरवी एकमेकांस पाण्यात पाहत, त्यांचे या एका गोष्टीवर एकमत झाले! एक वर्ष उलटते न उलटते तोच, १३ जुलै १९६७ रोजी, माँ व्हांतूच्या उघड्याबोडक्या चढावर टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा इंग्रज शर्यतपटू भर उन्हात कोसळला आणि मेला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात ॲम्फेटामिनच्या नळ्या सापडल्या. थकवा ही शरीराने धन्याला मारलेली हाक असते. ती हाक औषधाने बंद केली होती, म्हणून शरीराने शेवटी धन्याचेच दार बंद केले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आंकेतीलने तासाभराचा विक्रम केला, पण लघवीचा नमुना देण्याचे नाकारले. विक्रम नामंजूर झाला.

पुढची कथा सर्वविदित आहे. १९९८ साली फेस्तिना संघाची गाडी सरहद्दीवर अडविली गेली, तेव्हा ती औषधांनी भरलेली होती. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सात वर्षे ती प्रदक्षिणा जिंकली. आपण शेकडो तपासण्यांतून निष्कलंक सुटलो, असे तो छातीठोकपणे सांगे. २०१२ साली सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि पुढील वर्षी त्याने स्वतःच सारे कबूल केले. यातील सर्वांत उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. ती सात विजेतेपदे दुसऱ्या कोणासही देण्यात आली नाहीत. सात वर्षांच्या विजेत्यांच्या जागा त्या पुस्तकात कोऱ्या आहेत. ज्या खेळाने सत्तर-ऐंशी वर्षे मूठ झाकून ठेवली, त्याने ती उघडली तेव्हा आत सव्वा लाख नव्हते. सात कोरी पाने होती.

आपल्याकडे हे संकट दूर आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने आकडे पाहावेत. २०२४ साली भारतात ७,११३ नमुने तपासले गेले. त्यांपैकी २६० दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते, आणि त्याआधीच्या वर्षीही तो मान आपलाच होता. यादीत कुस्तीचे नाव आहेच. शिवाय जे तपासले जातात त्यांच्यापुरताच हा हिशेब. जत्रेतील हगाम्याला आणि गल्लीतील व्यायामशाळेला कोण तपासतो? अलीकडे पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी मेफेंटरमाइनच्या कुप्या पकडल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्याकरिता डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाचे हे औषध. ते व्यायामशाळांतील पोरे थकवा कळू नये म्हणून नसेत टोचून घेतात. हृदय धावू लागते, झोप उडते, आणि थोड्याच दिवसांत सुईवाचून उठवत नाही. ज्या मातीत खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम आणि थंडाई, तेथे खुराक या शब्दाचा अर्थ कुपी असा होऊ लागला असेल, तर भाषेचा तो ऱ्हास आम्हांस खांद्याच्या वादाहून अधिक चिंतेचा वाटतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा की, असे उघड बोलल्याने मल्लविद्येची बदनामी होते. शाहू छत्रपतींनी जिला राजाश्रय दिला त्या विद्येला कलंक लावू नये. आमचे उत्तर असे की, कलंक बोलण्याने लागत नाही. वैद्याने गळू दाखविले म्हणून गळू झाले, असे म्हणणाऱ्या रोग्यासारखा हा युक्तिवाद आहे. शाहू महाराजांनी आश्रय दिला तो कष्टाला आणि कौशल्याला, सुई-दवाखान्याला नव्हे.

दुसरा आक्षेप दयेचा आहे. हे मल्ल कोण? कोरडवाहू रानातल्या शेतकऱ्यांची पोरे. बापाने म्हैस विकून खुराक पुरविला, पोराने दहा वर्षे तालमीत काढली. आता एका गदेवर मोटार, नोकरी, घरदार सारे अवलंबून. अशा पोराने एखादी गोळी घेतली तर त्याला फासावर चढवावयाचे काय? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. आम्ही विचारतो, त्याच्याकडून जो हरला, तो कोणा जहागीरदाराचा मुलगा होता काय? त्याच्याही बापाने म्हैस विकली होती. फरक इतकाच की, त्याने गोळी नाकारली. गोळी घेणाऱ्याची गरिबी आपणांस दिसते, कारण त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. न घेणाऱ्याची गरिबी दिसत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरतो, लंगोट आवळीत मुकाट्याने एस. टी. धरतो आणि गावी जाऊन ‘आपल्यात ताकद कमी पडली’ असे आयुष्यभर समजत राहतो. खरा चोरीला गेला तो हा माणूस. त्याच्या नावाने कोणी पंचाची गचांडी धरीत नाही. दया करावयाची तर प्रथम याच्यावर करा.

तिसरा आक्षेप स्वतःस व्यवहारी म्हणविणाऱ्यांचा: सर्वच घेतात, तेव्हा सर्वांनाच मोकळीक द्या, म्हणजे सामना बरोबरीचा होईल. सर्वच घेतात, हे प्रथम असत्य आहे. आणि ते खरे करून दाखविण्याचा हा उपाय आहे. मोकळीक दिली म्हणजे कुस्ती दोन मल्लांची न राहता दोन औषधविक्यांची होईल. ज्याच्या पाठीशी मोठी थैली त्याचे औषध भारी, आणि ज्याला जिवाची पर्वा कमी तो केसरी. अठरा वर्षांच्या पोराचे यकृत, हृदय आणि पुरुषत्व पणाला लावून ‘बरोबरीचा सामना’ पाहावयाचा असेल तर तो हगामा नव्हे. त्याला दुसरे नाव शोधावे लागेल.

चौथा आक्षेप खर्चाचा. यावर मात्र आम्हांस हसू येते. वाडिया पार्कवर विजेत्यास मोटार होती, उपविजेत्यास मोटार होती. मंडप, कमानी, पुढाऱ्यांचे फलक, फेटे, हार यांना तोटा नव्हता. एवढ्या समारंभात चार शिशा सीलबंद करून दिल्लीच्या प्रयोगशाळेकडे पाठविण्यापुरते पैसे उरत नाहीत, हे कोणास पटेल?

मग करावे काय? आमचे म्हणणे फार मोठे नाही. महाराष्ट्र केसरी म्हणविणारी स्पर्धा कोणत्याही संस्थेची असो, तिच्या उपांत्य फेरीपासून पुढे गेलेल्या प्रत्येक मल्लाचा नमुना राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांप्रमाणे, तिच्याच माणसांकरवी घेतला जावा, आणि तसे पत्रिकेतच छापावे. अहवाल यावयास दिवस लागतात हे आम्ही जाणतो. म्हणून गदा मैदानातच खांद्यावर द्यावी. लोकांचा आनंद अडवू नये. परंतु मोटारीची किल्ली आणि नोकरीची शिफारस अहवाल येईपर्यंत थांबवावी. मोह ज्या गोष्टीचा आहे तीच थांबली, म्हणजे सुईचा अर्धा मोह तेथेच सुटेल. दुसरे असे की, अहवाल दोषी आला तर एकट्या पोराला सुळी देऊन मोकळे होऊ नये. औषध पुरविणाऱ्या व टोचणाऱ्या वस्तादालाही, सहायकालाही दोषी धरण्याची सोय या खेळाच्या नियमांत आहे, आणि २०२२ साली संसदेने स्वतंत्र कायदाही केला आहे. त्यांचा उपयोग व्हावा. अठरा वर्षांचे पोर आपणहून मेथँडिएनोन हे नाव शिकत नाही. ते त्याला कोणीतरी शिकवितो.

दोन संस्थांच्या वैराबद्दल आम्ही आरंभी खेद व्यक्त केला. पण या बाबतीत ते वैर आम्हांस स्वागतार्ह वाटेल. ‘आमचाच केसरी खरा’ असे ज्या संस्थेस म्हणावयाचे असेल, तिने ही तपासणी दुसरीच्या आधी करून दाखवावी आणि अहवाल चव्हाट्यावर मांडावा. खरेपणा सिद्ध करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस तरी दिसत नाही. माँ व्हांतूच्या आदल्या वर्षी वैऱ्यांचे एकमत मूठ झाकण्यावर झाले होते. येथे ते उघडण्यावर चढाओढ होऊ द्या.

शेवटचे दोन शब्द आमच्यासारख्याच पांढरपेशा वाचकांस. हा प्रश्न लाल मातीतल्या लोकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटण्याचा संभव आहे. तर आपल्या घरातील मुलगा ज्या व्यायामशाळेत जातो, तेथील फळीवर मांडलेले पिठाचे डबे एकदा स्वतः जाऊन पाहावेत. डब्यावर न छापलेली द्रव्ये अशा डब्यांत सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. दोन महिन्यांत दंड फुगलेला पाहून ‘बरा दिसू लागला हो!’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा आपणही त्या रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजविणाऱ्यांतच असतो. परीक्षेत पहिल्या आलेल्याला आपण विचारतो, ‘कॉपी तर केली नाहीस ना?’ हौद्यात पहिल्या आलेल्याला तसे विचारण्याची आपली जीभ मात्र रेटत नाही. ती रेटली पाहिजे, आणि तीही हेटाळणीने नव्हे, तर घरच्या वडीलधाऱ्याच्या अधिकाराने व मायेने.

पुढल्या चैत्रात पुन्हा यात्रा भरतील, हलगी कडाडेल, आणि एखादे दहा वर्षांचे पोर रेवडीसाठी लंगोट लावून मातीत उतरेल. त्याने पुढे केसरी व्हावे अशी आमची फार इच्छा आहे. न झाल्यास, तो ज्याच्याकडून हरला तो खरोखरच त्याच्याहून बलवान होता, एवढी खात्री तरी आपण त्याला देणे लागतो.